ड्रोनने कुणाला मारायचं, हे ठरवतं कोण?

२६/११ च्या भोवती फिरणारी दोन माणसं घ्या. अजमल कसाब गिरगाव चौपाटीवर जिवंत सापडला, कारण तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलूनही त्याची बंदूक सोडली नाही. पुढे आर्थर रोड तुरुंगातलं विशेष न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, दयेचा अर्ज, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. गुन्हा ते फाशी, चार वर्षं. दुसरा इलियास काश्मिरी, अल-कायदाशी जोडलेला पाकिस्तानी अतिरेकी म्होरक्या. मुंबईची टेहळणी करून गेलेला डेव्हिड हेडली नंतर डेन्मार्कमधल्या हल्ल्याच्या कटासाठी याच्याच हाताखाली गेला. काश्मिरीच्या वाट्याला ना वकील आला ना तारीख. जून २०११ मध्ये पाकिस्तानातल्या दक्षिण वझिरिस्तानात अमेरिकी ड्रोनच्या हल्ल्यात तो मारला गेल्याची बातमी आली आणि त्याच्या संघटनेने तिला दुजोरा दिला. अशीच बातमी सप्टेंबर २००९ मध्येही आली होती. तेव्हा महिन्याभरातच या ‘मेलेल्या’ माणसाने एका पाकिस्तानी पत्रकाराला मुलाखत दिली!

हल्ला झाला की आपल्याकडे मागणी होते ती दुसऱ्या वाटेची. कसाबला सरकार पोसतंय, बिर्याणी खाऊ घालतंय, हे तेव्हा नाक्यानाक्यावर ऐकू यायचं. (बिर्याणीची गोष्ट खरी नव्हती. ती आपणच रचली होती, असं सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये सांगितलं.) संताप समजण्यासारखा आहे. पण ही दुसरी वाट कोणत्या कायद्यावर उभी आहे आणि चालताना पाय कुठे घसरतो, हे पाहायचं तर वीस वर्षांहून जास्त काळ तिच्यावरून चाललेल्या अमेरिकेकडे पाहावं लागतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना अंदाज राहील. ड्रोनने अतिरेक्याला मारणं दरवेळी बेकायदा किंवा अनैतिक असतं, असं मला वाटत नाही. पण आरोप करणारा, निकाल देणारा, शिक्षा अमलात आणणारा आणि चूक झाली का हे नंतर तपासणारा एकच असावा, ही जी पद्धत अमेरिकेने रुळवली, तिचं समर्थन मला करता येत नाही.

साठ शब्दांचा परवाना

९/११ नंतर तिसऱ्याच दिवशी, १४ सप्टेंबर २००१ ला, अमेरिकी संसदेने एक ठराव मंजूर केला. १८ तारखेला अध्यक्ष बुश यांनी त्यावर सही केली. त्यातलं मुख्य वाक्य इंग्रजीत जेमतेम साठ शब्दांचं आहे. मथितार्थ असा: हे हल्ले ज्यांनी आखले, केले, त्यांना मदत केली किंवा अशांना आसरा दिला, त्या देशांविरुद्ध, संघटनांविरुद्ध आणि व्यक्तींविरुद्ध अध्यक्षांनी आवश्यक ते बळ वापरावं. ते नेमके कोण, हे अध्यक्षच ठरवणार. कुठल्या देशात लढायचं याची हद्द नाही, कधी थांबायचं याची मुदत नाही. प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ मतांनी ठराव संमत झाला. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. सिनेटमध्ये तर विरोधात एकही मत पडलं नाही.

तो कायदा आजही लागू आहे. २००१ मध्ये जन्मालाही न आलेल्या संघटनांविरुद्ध त्याचा वापर झाला. सोमालियातली अल-शबाब आणि नंतरची इस्लामिक स्टेट ही ठळक उदाहरणं. ‘अल-कायदाच्या सहयोगी फौजा’ असा अर्थ लावून यादी वाढवत नेली. अध्यक्ष रिपब्लिकन असो वा डेमोक्रॅट, हा परवाना कुणालाच परत करावासा वाटला नाही.

हा झाला घरचा कायदा. पण क्षेपणास्त्र पडतं दुसऱ्याच्या अंगणात. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार दुसऱ्या देशाच्या भूमीवर बळ वापरायला मनाई आहे. सुरक्षा परिषदेची परवानगी सोडली तर त्याला दोनच वाटा उरतात. एक, त्या देशाने स्वतः संमती देणं. दोन, कलम ५१ खालचा स्वसंरक्षणाचा हक्क.

पाकिस्तानची संमती होती का? जाहीरपणे नाही. खासगीत मात्र होती. बलुचिस्तानातला शम्सी हवाई तळ २०११ च्या अखेरपर्यंत अमेरिकेच्या वापरात होता. विकिलीक्सने फोडलेल्या अमेरिकी दूतावासाच्या एका तारेनुसार पंतप्रधान गिलानी २००८ मध्ये म्हणाले होते की, योग्य माणसं मारली जात असतील तर माझी हरकत नाही, आम्ही संसदेत निषेध करू आणि मग दुर्लक्ष करू. दिवसा निषेध, रात्री धावपट्टी! पेशावर उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हे हल्ले बेकायदा ठरवले, पण तो निकाल कागदावरच राहिला.

जिथे संमती नसते तिथे अमेरिका दुसरा युक्तिवाद करते. एखादा देश आपल्या भूमीवरच्या अतिरेक्यांना आवरायला तयार नसेल, किंवा त्याच्यात तेवढी ताकदच नसेल, तर ज्याच्यावर हल्ला होतोय त्याने तिथे घुसून स्वतःचं रक्षण करायचं. अनेक देशांना हे मान्य नाही, कारण ‘तयार नाही’ हे ठरवणार पुन्हा हल्ला करणाराच.

नायगाराच्या काठी जाळलेली बोट

स्वसंरक्षणाच्या हक्काला एक जुनी अट आहे आणि तिची गंमत अशी की ती अमेरिकेनेच घातली आहे. १८३७ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश राजवटीविरुद्ध बंड झालं. नायगारा नदीतल्या एका बेटावर बंडखोर तळ ठोकून होते आणि ‘कॅरोलाइन’ नावाची आगबोट त्यांना अमेरिकेच्या बाजूने रसद पोचवत होती. डिसेंबरच्या एका रात्री ब्रिटिशांची तुकडी नदी ओलांडून अमेरिकी काठावर आली. तिने बोट पेटवली आणि धबधब्याच्या दिशेने प्रवाहात सोडून दिली. एक अमेरिकी माणूस मेला. ब्रिटिश म्हणाले, स्वसंरक्षण. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी उत्तरात मोजपट्टीच आखून दिली: धोका तत्क्षणीचा आणि अनावर हवा, दुसरा मार्ग उरलेला नसावा आणि विचार करायलाही क्षण मिळू नये, इतका.

जवळपास पावणेदोनशे वर्षांनी, २०१३ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेच्या न्याय खात्याचं एक टिपण फुटलं. परदेशातल्या अमेरिकी नागरिकाला ठार करणं केव्हा कायदेशीर, याचं ते विवेचन होतं. त्यात म्हटलं होतं की धोका ‘निकटचा’ ठरायला अमुक एक हल्ला लगेच होणार आहे असा स्पष्ट पुरावा लागतच नाही. अल-कायदा सतत कट करत असते, म्हणून तिचा म्होरक्या हा कायमचाच निकटचा धोका. वेबस्टरसाहेबांची पट्टी रबराची निघाली.

पण या रबरामागचं कारण उडवून लावण्याजोगं नाही. सीमेवर रणगाडे जमले तर दिसतात, कराचीहून निघालेली दहा माणसं दिसत नाहीत. ती कुलाब्याच्या मच्छीमार नगरला उतरली तेव्हा धोका वेबस्टरच्या अर्थाने ‘तत्क्षणीचा’ झाला होता आणि तोवर सगळं हाताबाहेर गेलं होतं. शेवटच्या क्षणाची वाट पाहा, असं मुंबईकराला सांगणं अवघड आहे. अट थोडी सैल व्हायलाच हवी होती. खटकतं ते हे की सैल केल्यावर ती कुठे थांबणार, हे सांगणारं तिसरं कुणी नव्हतं.

अन्वर अल-अवलाकीच्या प्रकरणात हे उघडं पडलं. हा अमेरिकेत जन्मलेला धर्मप्रचारक येमेनमध्ये अल-कायदासाठी काम करत होता. तो मारायच्या यादीत असल्याचं कळल्यावर त्याच्या वडिलांनी वॉशिंग्टनच्या न्यायालयात दाद मागितली. न्यायाधीश जॉन बेट्स यांनी निकालात एक प्रश्न लिहून ठेवला आहे: परदेशातल्या नागरिकाचं संभाषण चोरून ऐकायचं तर न्यायालयाची परवानगी लागते, मग त्याला ठार मारायचं तर न्यायालयाने त्यात बघायचंच नाही, हे कसं? प्रश्न विचारून त्यांनी डिसेंबर २०१० मध्ये दावा फेटाळला, कारण हा विषय न्यायालयाच्या कक्षेबाहेरचा आहे असं त्यांना वाटलं. ३० सप्टेंबर २०११ ला अवलाकी मारला गेला. दोन आठवड्यांनी दुसऱ्या हल्ल्यात त्याचा सोळा वर्षांचा मुलगा मेला. तो कुठल्याच यादीत नव्हता.

मेलेल्यांची मोजणी

ओबामा सरकारने जुलै २०१६ मध्ये पहिल्यांदा आकडे जाहीर केले. इराक, सीरिया आणि अफगाणिस्तान या युद्धक्षेत्रांबाहेर २००९ ते २०१५ या काळात ४७३ हल्ले झाले, २,३७२ ते २,५८१ लढवय्ये मेले आणि सामान्य नागरिक ६४ ते ११६. लंडनच्या ‘ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझम’ने त्याच काळासाठी मोजलेले नागरिक ३८० ते ८०१. म्हणजे सरकारचा सर्वांत मोठा आकडा ब्यूरोच्या सर्वांत लहान आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली.

इतकी तफावत कशी पडते? ‘लढवय्या’ कुणाला म्हणायचं, यावर पुष्कळसं अवलंबून आहे. हल्ल्याच्या जागी सापडलेला लढण्याच्या वयाचा प्रत्येक पुरुष लढवय्या धरायचा, उलटा पुरावा मिळाला तरच नाही, अशी मोजण्याची रीत होती, असं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१२ मध्ये छापलं. उलटा पुरावा वझिरिस्तानातून आणणार कोण? पत्रकारांना तिथे जवळजवळ बंदी होती. तिथल्या लोकांवर २०१८ पर्यंत इंग्रजांच्या काळातला, १९०१ चा सरहद्द कायदा लागू होता, ज्यात एकाच्या गुन्ह्यासाठी अख्ख्या टोळीला शिक्षा करता येत असे.

शिवाय सगळे हल्ले नाव माहीत असलेल्या माणसांवर नव्हते. वागण्याच्या खुणांवरूनही माणसं टिपली जात: हत्यारबंद पुरुषांचा गट, संशयित घरात ये-जा, एका रांगेत जाणाऱ्या गाड्या. ज्या भागात खांद्याला बंदूक लावल्याशिवाय पुरुष घराबाहेर पडत नाही, तिथे या खुणा किती कामाच्या?

१७ मार्च २०११ ला उत्तर वझिरिस्तानातल्या दत्ता खेल इथे जिरगा, म्हणजे टोळ्यांची पंचायत, भरली होती. दोन टोळ्यांमधलं क्रोमाइटच्या खाणीचं भांडण मिटवायला मलिक (टोळीप्रमुख) आणि वडीलधारे गोल करून बसले होते. सरकारी पगारावरची माणसंही त्यांत होती. जिरगेची कल्पना जवळच्या लष्करी चौकीला आधीच दिली होती, असं वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. क्षेपणास्त्रं पडली आणि सुमारे ४० जण गेले. जिरगेत तालिबानची काही माणसंही होती, हे खरं आहे, कारण त्या मुलखात त्यांना वगळून तंटा मिटतच नव्हता. एरवी मूग गिळून बसणाऱ्या पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांनीही त्या दिवशी जाहीर निषेध केला. अमेरिकी अधिकारी नाव न सांगण्याच्या अटीवर म्हणत राहिले की ते अतिरेकीच होते.

नावं पक्की आहेत अशा ठिकाणीही चूक होते. जानेवारी २०१५ मध्ये शेकडो तासांच्या टेहळणीनंतर पाकिस्तान-अफगाण सरहद्दीवरच्या एका तळावर हल्ला झाला. त्यात अल-कायदाने ओलीस ठेवलेले दोघे मेले, एक अमेरिकी आणि एक इटालियन. आत ओलीस आहेत हे कुणाला माहीतच नव्हतं. ओबामांनी कॅमेऱ्यासमोर माफी मागितली, भरपाईही देऊ केली. दत्ता खेलच्या वाट्याला यांतलं काही आलं नाही.

मग दुसरं करायचं काय?

ड्रोनच्या बाजूने सर्वांत जोरदार मुद्दा हाच आहे. टीकाकार तो टाळतात, म्हणून मी तो टाळणार नाही. वझिरिस्तानात समन्स घेऊन पोलीस जात नाही. फौज पाठवली तर काय होतं? पाकिस्तानी लष्कराने २००९ मध्ये स्वातमध्ये मोहीम काढली तेव्हा सुमारे २० लाख लोक घरं सोडून पळाले. २०१४ मध्ये उत्तर वझिरिस्तान साफ करताना आणखी लाखो विस्थापित झाले. कमांडो पाठवायचे म्हटलं तर जानेवारी २०१७ मध्ये येमेनच्या याकला गावात अमेरिकी तुकडी उतरली, तिचा एक जवान गेला आणि गावातली बायका-मुलंही. याच्याशी तोलला तर चांगल्या माहितीवर टाकलेला एक नेमका मारा कमी रक्त सांडतो. जुलै २०२२ मध्ये काबूलमध्ये अल-कायदाचा प्रमुख अयमान अल-जवाहिरी त्याच्या बाल्कनीत मारला गेला आणि त्याच घरातली त्याची बायको-मुलं वाचली.

उपयोगाचं म्हणाल तर अबोटाबादच्या घरातून मिळालेल्या कागदांत बिन लादेन आपल्या माणसांना वझिरिस्तान सोडायला सांगतोय, आणि आभाळ दाट भरून आलेलं असेल तेव्हाच रस्त्यावर निघा असं बजावतोय. भीती खरी होती. पण जून २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात टाइम्स स्क्वेअरमध्ये बॉम्ब ठेवल्याची कबुली देताना फैजल शहजादने ड्रोनकडेच बोट दाखवलं: ड्रोन मुलं बघत नाहीत, सगळ्यांनाच मारतात. त्याच्या बोलण्याने त्याचा गुन्हा तसूभरही कमी होत नाही. तरी एका बाजूला म्होरके मरत होते आणि दुसऱ्या बाजूला भरती होत होती, एवढं त्यातून दिसतंच.

पाण्याचे कॅन आणि चुरगळा न पडलेला नकाशा

ऑगस्ट २०२१. अमेरिका काबूलमधून पाय काढते आहे. २६ तारखेला विमानतळावर आत्मघाती स्फोटात १३ अमेरिकी सैनिक आणि दीडशेहून जास्त अफगाण मेले. दुसरा हल्ला येतोय, अशी खबर होती. २९ तारखेला ड्रोनने एका पांढऱ्या टोयोटा कोरोलाचा तब्बल आठ तास पाठलाग केला. चालक ठिकठिकाणी थांबत होता, माणसांना घेत-सोडत होता. दुपारी काही जणांनी जड डबे गाडीत ठेवले. पाहणाऱ्यांना ती स्फोटकं वाटली. गाडी घराच्या अंगणात शिरली आणि क्षेपणास्त्र सुटलं.

पेंटागॉनने आधी हा योग्य हल्ला असल्याचं सांगितलं. पण पत्रकारांनी चित्रफिती जुळवल्या, शेजाऱ्यांना विचारलं, चालकाच्या कार्यालयातले कॅमेरे तपासले. तो एका अमेरिकी मदतसंस्थेचा कर्मचारी होता. डब्यांत पाणी होतं, कारण त्याच्या वस्तीतला पाणीपुरवठा बंद पडला होता. मृत १०, त्यांत ७ मुलं. १७ सप्टेंबरला लष्कराने चूक कबूल केली. हवाई दलाच्या महानिरीक्षकांनी चौकशी केली: कायदा मोडलेला नाही, मात्र एकदा संशय पक्का झाल्यावर दिसेल ते त्याच नजरेने पाहिलं गेलं. शिक्षा कुणालाही झाली नाही. हे घडलं राजधानीत, जगभरचे पत्रकार तिथे असताना.

आता आर्थर रोडला परत या. कसाबबरोबर दोन भारतीय आरोपी होते. मुंबईचा हाताने काढलेला नकाशा त्यांनी हल्लेखोरांपर्यंत पोचवला आणि तो कसाबचा मेलेला साथीदार अबू इस्माईल याच्या पँटच्या खिशात मिळाला, हा त्यांच्यावरचा मुख्य पुरावा. न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांनी तो नकाशा निरखून पाहिला. इस्माईलची पँट रक्ताने भिजलेली, आणि खिशातल्या कागदावर ना रक्ताचा डाग, ना चुरगळा. ३ मे २०१० ला कसाब दोषी ठरला आणि हे दोघे या आरोपातून सुटले. वरच्या दोन्ही न्यायालयांनी ते सुटणं कायम केलं. दीडशेहून जास्त माणसं मारली गेली होती, सारं शहर पेटलेलं होतं, आणि तरी एका माणसाने कागदाला रक्त का नाही, असं विचारलं.

काबूलच्या त्या आठ तासांत असं विचारणारं कुणी नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपण भ्रष्ट कारभारासाठी वापरतो. इथे कारभार भ्रष्ट नव्हता, घाईत होता आणि त्याला अडवणारं कुणी नव्हतं.

वझिरिस्तानात न्यायालय नेता येत नाही, हे कबूल. पण यादीत नाव घालण्याआधी सरकारबाहेरच्या कुणीतरी पुरावा पाहणं, प्रत्येक हल्ल्यानंतर मृतांचा हिशेब प्रसिद्ध करणं, चूक झाली तर भरपाई देणं, हे करता येत होतं. ओबामांनी २०१३ मध्ये त्या दिशेने अर्धं पाऊल टाकलं. पकडणं शक्य नसेल तरच मारायचं आणि नागरिक मरणार नाहीत याची जवळजवळ खात्री हवी, असे नियम केले. पण ते सरकारचे अंतर्गत नियम होते. पुढच्या सरकारने ते सैल केले आणि मार्च २०१९ मध्ये मृतांचे आकडे जाहीर करण्याची सक्तीही काढून टाकली.

आपल्या दारातही हीच भाषा आली आहे. पहलगाममध्ये २६ जण मारले गेले, त्यांत महाराष्ट्राचे सहा: डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. ७ मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरनंतर परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री म्हणाले की आणखी हल्ले होऊ घातल्याची गुप्तवार्ता होती आणि पाकिस्तानने अतिरेक्यांच्या तळांवर दिसेल अशी कारवाई केलेली नाही. कारवाई मोजूनमापून होती, हेही सांगितलं. निकटचा धोका, यजमान देशाची नाखुशी, प्रमाण: तीनही पायऱ्या जागच्या जागी. फरक एवढा, आणि तो मोठा आहे, की भारताने हल्ला केला तो उघड, नऊ ठिकाणं नावानिशी सांगून, जबाबदारी घेऊन. सीआयएच्या ड्रोनचं अस्तित्वसुद्धा अमेरिका वर्षानुवर्षं अधिकृतपणे मान्य करत नव्हती.

आणि हे हत्यार अतिरेक्यांपुरतंही राहिलेलं नाही. २०२५ च्या सुरुवातीला ट्रम्प सरकारने लॅटिन अमेरिकेतल्या काही अमली पदार्थांच्या टोळ्यांना दहशतवादी संघटना ठरवलं आणि २ सप्टेंबरपासून कॅरिबियन समुद्रातल्या बोटी उडवायला सुरुवात केली. पहिल्याच हल्ल्यात ११ जण मेल्याचं ट्रम्प यांनी स्वतः सांगितलं. बोटीत कोण होतं, काय होतं, याचा पुरावा लोकांसमोर ठेवला नाही. तिथे तर पकडण्याची अडचणही नव्हती, अमेरिकेचं तटरक्षक दल अशा बोटी वर्षानुवर्षं अडवून माल आणि माणसं ताब्यात घेत आलं आहे. ऑक्टोबरमधल्या एका हल्ल्यातून दोन जण जिवंत सापडले. अमेरिकेने त्यांच्यावर खटला भरला नाही, त्यांच्या त्यांच्या देशांत पाठवून दिलं. त्यांतला इक्वेडोरचा माणूस घरी पोचला तेव्हा तिथल्या सरकारी वकिलांनी, आमच्याकडे याच्याविरुद्ध गुन्ह्याचा पुरावा नाही, असं म्हणून त्याला सोडून दिलं.